प्रचालक-वेगनिर्बंध, लहान विमानांचे

विमानाच्या एंजिनाच्या दंडावर बसविलेल्या आणि फिरताना हवा मागे लोटून विमानास पुढे नेणाऱ्या पंख्यास प्रचालक म्हणतात. दट्ट्याच्या एंजिनावर चालणाऱ्या लहान विमानांत हा प्रचालक किती वेगाने फिरवावा यावर दोन प्रकारचे निर्बंध असतात. पहिला कमाल वेगाचा असून तो सहज समजण्याजोगा आहे. दुसरा निर्बंध प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो : वेगाच्या मधल्याच एका पट्ट्यात एंजिन सतत चालवू नये, त्याखाली चालवावे किंवा त्यावर चालवावे, मधून जाताना मात्र थांबू नये. वैमानिकापुढील फेरेमापकाच्या तबकडीवर असा पट्टा लाल कंसाने दाखविलेला असतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या निर्बंधाचा उगम व इतिहास दिला आहे. (यापुढे वेगाचे आकडे दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांचे आहेत.)

कमाल वेगाच्या निर्बंधामागे एंजिनाच्या भागांची ताकद हे एक कारण असते. दुसरे कारण पात्याच्या टोकाच्या वेगाचे आहे. १.९३ मी. व्यासाचा प्रचालक २,७०० फेऱ्यांनी फिरत असता पात्याचे टोक सेकंदास सु. २७३ मी. वेगाने जाते. १५° से. तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सु. ३४० मी. असतो. टोक या वेगाजवळ पोहोचू लागले की, हवेचा रोध झपाट्याने वाढतो, एंजिनाची शक्ती वाया जाते आणि कर्कश आवाज होतो. दुसऱ्या महायुद्धातील व पुढे भारतीय वायुसेनेतही प्रशिक्षणासाठी वापरलेल्या हार्वर्ड विमानाचा प्रचालक सु. २.७४ मी. व्यासाचा होता व तो उड्डाणाच्या वेळी २,२५० फेऱ्यांनी फिरे. त्याच्या टोकाचा वेग ३२० मी.च्या वर जाई. ते विमान दृष्टीस पडण्यापूर्वी ऐकू येई, याचे कारण हेच होय. लहान विमानांत वजन व खर्च वाचविण्यासाठी प्रचालक बहुधा दंतचक्रांवाचून थेट भुजादंडावर बसवितात. त्यामुळे प्रचालकाची मर्यादा हीच एंजिनाची मर्यादा ठरते.

मधल्या पट्ट्याचे कारण वेगळे आहे. चार धावांच्या एंजिनातील प्रत्येक सिलिंडरात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते. चार सिलिंडरांच्या एंजिनात म्हणजे एका फेऱ्यात दोन धक्के बसतात. भुजादंड एकसारख्या जोराने फिरविला जात नसून तो दर फेऱ्यात दोनदा ढकलला व दोनदा आखडला जातो. ज्वलनाचा धक्का अतिशय तीक्ष्ण असल्याने त्यात फेऱ्यामागे दोन या मूळ कंपनाबरोबर चार, सहा, आठ अशी वरच्या क्रमाची कंपनेही मिसळलेली असतात. पोलादी भुजादंड कितीही जाड असला, तरी तो एक प्रकारची स्प्रिंगच असतो व त्यास पीळ पडतो आणि सुटतो. त्याच्या एका टोकास प्रचालकाची जड व लवचिक पाती असतात. या साऱ्या रचनेची स्वतःची अशी एक स्वाभाविक कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) असते. एंजिनाच्या धक्क्यांपैकी एखाद्या क्रमाची कंप्रता या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली, म्हणजे अनुस्पंदन होते. पाळण्यास योग्य वेळी दिलेल्या लहान लहान झोक्यांनी त्याचा झोका जसा वाढत जातो, तसा पीळ वाढत जातो व पात्यांत, विशेषतः टोकांकडच्या भागात, प्रतिबल अनेक पटींनी वाढते. वैमानिकास मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. विमानाच्या सांगाड्यात पोहोचणारी थरथर आणि पात्यातले प्रतिबल या भिन्न गोष्टी होत. एंजिन अगदी सुरळीत चालल्यासारखे वाटत असता पाते शिणत असू शकते. या निर्बंधाचे गांभीर्य पटवून देणे अवघड जाते, ते यामुळेच.

पिळाच्या कंपनांचा अभ्यास विमानांच्या आधी जहाजांच्या संदर्भात झाला. आगबोटींचे प्रचालक-दंड गणिताने पुरेसे भक्कम असूनही मोडत. जर्मन अभियंते हेर्मान फ्राम यांनी अशा दंडांवर प्रत्यक्ष मापने करून दंडाचा पीळ व अनुस्पंदन यांचा संबंध १९०२ मध्ये दाखवून दिला. मोटारगाड्यांच्या सहा सिलिंडरी एंजिनांत हाच त्रास उद्भवल्यावर इंग्लंडमध्ये एफ्. डब्ल्यू. लँचेस्टर यांनी १९१० च्या सुमारास घर्षणाने पीळ-कंपने विरविणारे चक्र योजिले. विमानविद्येची सुरुवातही याच अडचणीने झाली, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. ५ नोव्हेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे राइट बंधूंनी नव्या विमानाचे एंजिन चालवून पाहिले, तेव्हा ज्वलन अनियमित होऊन बसलेल्या हिसक्यांनी प्रचालकांचे नळीचे दंड निकामी झाले. ते दुरुस्तीसाठी डेटनला पाठवावे लागले. दुरुस्त होऊन आल्यावर साखळीची चक्रे दंडावर सैल होऊ लागली. ती टायर चिकटविण्याच्या लुकणाने पक्की केली, तर २८ नोव्हेंबरला एका दंडास तडा गेलेला आढळला. अखेर ऑर्व्हिल राइट स्वतः डेटनला गेले व स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव दंड घेऊन ११ डिसेंबरला परतले. १७ डिसेंबरचे ऐतिहासिक उड्डाण या दंडांवर झाले. सु. २.६ मी. व्यासाचे ते प्रचालक अवघ्या साडेतीनशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरत होते.

त्यानंतरची वीस वर्षे पाती लाकडी होती. लाकूड कंपनाची ऊर्जा स्वतःत जिरविते आणि वारंवार उलटसुलट ताण पडले, तरी धातूप्रमाणे शिणत नाही. त्यामुळे पहिल्या महायुद्धातील एंजिनांचे भुजादंड मोडले, तरी पात्यांचा प्रश्न तेवढा उग्र झाला नाही. मात्र लाकूड पावसाने, गारांनी व धुळीने झिजते, हवेतील दमटपणाने वाकते. अमेरिकेत एस्. ॲल्बर्ट रीड यांनी ड्युराल्युमिनाच्या पत्र्यापासून पातळ व कार्यक्षम प्रचालक बनविला व त्याबद्दल त्यांना १९२५ चा कॉलियर पुरस्कार मिळाला. धातूचे पाते लाकडी पात्यापेक्षा पातळ ठेवता येते, त्यामुळे ते हवा अधिक चांगली कापते. परंतु ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातू कंपने फारशी विरवीत नाहीत. शिवाय पोलादास जशी एक ठराविक सहनसीमा असते आणि तिच्याखालील ताण कितीही वेळा दिला तरी चालतो, तशी निश्चित सीमा त्यांना नसते. ताणाच्या आवर्तनांची संख्या पुरेशी मोठी झाली की, मध्यम ताणानेही तडा सुरू होऊ शकतो. सहाव्या क्रमाचे कंपन २,२०० फेऱ्यांवर मिनिटास १३,२०० वेळा, म्हणजे तासास सु. आठ लक्ष वेळा होते. दहा कोटी आवर्तने सु. १२६ तासांत पुरी होतात, आणि एवढे तास उड्डाणशिक्षणाच्या विमानाला काही महिन्यांत सहज भरतात.

धोक्याचा वेग हा एकट्या एंजिनाचा गुण नसून एंजिन व त्याला जोडलेले सर्व भाग यांचा मिळून असतो, हे एका गाजलेल्या प्रसंगाने उघड झाले. ‘ग्राफ झेपेलिन’ हे जर्मन वायुयान १६ मे १९२९ रोजी फ्रीड्रिख्सहाफेन येथून अमेरिकेकडे निघाले. वाटेत त्याच्या पाच माइबाख एंजिनांपैकी चार एकामागून एक बंद पडली आणि ते दुसऱ्या दिवशी दक्षिण फ्रान्समधील क्वेर येथे कसेबसे उतरविण्यात आले. भुजादंड मोडले होते. हीच एंजिने त्याआधी अटलांटिक ओलांडून गेली होती. मधल्या काळात जोडणीच्या भागात फेरफार केल्याने अनुस्पंदनाचा वेग सरकून नेहमीच्या वेगाजवळ आला होता. याच सुमारास ब्रिटिश ‘आर १०१’ वायुयानाची बिअर्डमोर डिझेल एंजिने १,००० फेऱ्यांसाठी आखलेली असूनही पीळ-कंपनांमुळे त्यांचा सततचा वेग ९०० फेऱ्यांवर ठेवावा लागला. त्या वायुयानाचा १९३० मधील अपघात मात्र या कारणाने झाला नव्हता.

१९३० नंतर एंजिनांची शक्ती वाढली आणि पात्यांचा कोन उड्डाण चालू असताना बदलता येणारे धातूचे प्रचालक आले, तेव्हा प्रत्यक्ष फिरत्या पात्यावरील ताण मोजणे अपरिहार्य झाले. हॅमिल्टन स्टँडर्ड या कंपनीतील चार्ल्स कर्न्स यांनी कार्बनचे विद्युत् रोधक पात्यांवर चिकटवून १९३६ च्या सुमारास अशी मापने केली. पाते ताणले गेले की रोध बदले व त्यावरून ताण कळे. १९३८ मध्ये एडवर्ड सिमन्स व आर्थर रूगे यांनी एकमेकांस न कळत बारीक तारेचा विकृतिमापक शोधून काढला आणि ही मापने भरवशाची झाली. प्रचालकांवरील आजचे सारे वेगनिर्बंध अशा मापनांतून ठरतात. एकट्या गणितावर ते कोणी सोडत नाही.

याच काळात निर्बंध घालण्याऐवजी मूळ दुखण्यावरच इलाज करणारी एक युक्ती निघाली. भुजादंडाच्या प्रतिभारास लंबकासारखे हलू दिले, तर काय होईल? फिरत्या दंडावर गुरुत्वाकर्षणाची जागा केंद्रोत्सारी प्रेरणा घेते व ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे लंबकाची कंप्रता दंडाच्या वेगाच्या प्रमाणात आपोआप बदलत राहते. म्हणजे लंबक एकदा सहाव्या क्रमासाठी जुळविला की, तो प्रत्येक वेगावर सहाव्या क्रमाच्याच धक्क्यास विरोध करतो. फ्रान्समध्ये साराझँ आणि अमेरिकेत राइट एरोनॉटिकल कंपनीचे रोलंड चिल्टन व मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ई. एस्. टेलर यांनी ही कल्पना व्यवहारात आणली. राइट कंपनीच्या सायक्लोन या नऊ सिलिंडरी अरीय एंजिनात (ज्यातील सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेले असतात अशा एंजिनात) १९३५ च्या सुमारास हे लंबक आले. गणित मोठे मनोरंजक आहे. दंडाच्या मध्यापासून लंबकाच्या टांगणीपर्यंतचे अंतर भागिले लंबकाची लांबी हा भागाकार क्रमाच्या वर्गाइतका असावा लागतो. सहाव्या क्रमासाठी तो ३६ होय. टांगणी मध्यापासून ९ सेंमी. अंतरावर असेल, तर लंबकाची लांबी अवघी अडीच मिलिमीटर हवी. एवढा आखूड लंबक दोरीने टांगता येत नाही. म्हणून प्रतिभारास दोन मोठी भोके पाडून त्यांत थोड्या कमी जाडीच्या खिळी बसवितात. भोक व खीळ यांच्या व्यासांतील फरक हीच लंबकाची लांबी होय. भोक झिजून एखाद्या दशांश मिलिमीटराने मोठे झाले, तरी जुळणी बिघडते.

मोठ्या एंजिनांत हा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. लहान एंजिनांत तो सुटला नाही, म्हणण्यापेक्षा सोडविण्यात आला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत खाजगी विमानांची मोठी बाजारपेठ निर्माण झाली. त्यांसाठी लायकॉमिंग व काँटिनेंटल या कंपन्यांनी समोरासमोर आडव्या सिलिंडरांची, हवेने थंड होणारी एंजिने तयार केली. लायकॉमिंगचे १९५५ मध्ये प्रमाणित झालेले ओ-३६० हे एंजिन त्यांतील सर्वांत यशस्वी एंजिनांपैकी एक. चार सिलिंडर, सु. ५.९ लि. धारकता, २,७०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्ती आणि वजन सु. १२० किग्रॅ. असे हे एंजिन आहे. त्याच्या मूळ भुजादंडावर लंबक-प्रतिभार नव्हते. ते घातले असते, तर वजन, किंमत व देखभाल तिन्ही वाढले असते. त्याऐवजी प्रचालक बसवून मापने करावयाची आणि ज्या पट्ट्यात ताण मर्यादेबाहेर जाईल, तो पट्टा वैमानिकास वर्ज्य करावयाचा, असा मार्ग पत्करण्यात आला. हा मार्ग चुकीचा म्हणता येत नाही. परंतु त्यामुळे यंत्राने सांभाळावयाची गोष्ट माणसाच्या स्मरणावर व एका तबकडीवर सोपविली गेली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

वर्ज्य पट्टा जोडीगणिक बदलतो. १८० अश्वशक्तीचे ओ-३६० व हार्टझेल कंपनीचा दोन पात्यांचा, कोन बदलणारा प्रचालक या मूनी एम२०सी विमानातील जोडीसाठी तो २,००० ते २,२५० फेरे असा आहे. त्याच घराण्यातील २०० अश्वशक्तीच्या एंजिनावर, उदा., पायपर ॲरो २०० या विमानात, तो २,१०० ते २,३५० झाला. सेन्सेनिक कंपनीच्या स्थिर कोनाच्या प्रचालकाशी ओ-३६० ची जोडी जुळविली (पायपर चेरोकी १८०), तर पट्टा २,१५० ते २,३५० फेऱ्यांचा होतो. १९६५ पासून अंमलात आलेल्या अमेरिकेच्या हलक्या विमानांच्या संहितेत, रूढ स्थिर कोनाचा लाकडी प्रचालक वगळता, प्रत्येक प्रचालकाच्या कंपन-प्रतिबलांची तपासणी आवश्यक ठरविण्यात आली होती आणि वर्ज्य पट्टा लाल कंसाने किंवा लाल रेषांनी दाखविण्याचे बंधन होते. लाकडास दिलेली ही सूट म्हणजे त्याच्या जुन्या गुणाची सरकारी पोचच होय.

चेरोकी १८० चा निर्बंध तर अनुभवाने आलेला आहे. सेन्सेनिक प्रचालकांच्या पात्यांची टोके निकामी होऊ नयेत म्हणून अमेरिकन सरकारने १९६९ मध्ये सक्तीचा आदेश काढला. फेरेमापकावर लाल कंस रंगविणे व वैमानिकासमोर सूचना-पट्टी लावणे त्याने बंधनकारक झाले. टोक तुटण्याचे परिणाम किती भयंकर असतात, हे एका हिशोबावरून कळेल. मध्यापासून सु. ०.९ मी. अंतरावरचा केवळ २०० ग्रॅ. वजनाचा तुकडा २,४०० फेऱ्यांवर निखळला, तर उरलेला प्रचालक सु. १,१५० किग्रॅ. इतक्या असंतुलित भाराने एंजिनास दर फेऱ्यात सर्व दिशांना हिसके देऊ लागतो. हा भार एंजिनाच्या स्वतःच्या वजनाच्या नऊपटींहून अधिक आहे. वैमानिकाने क्षणात एंजिन बंद केले नाही, तर ते आपल्या चौकटीतून उखडले जाण्याचा संभव असतो. एंजिन गेले की विमानाचा तोल मागे जातो व ते हाताबाहेर जाते.

निर्बंधाच्या पालनात दोन अडचणी आहेत. पहिली, स्थिर कोनाच्या प्रचालकाचे फेरे विमानाच्या वेगाबरोबर कमीजास्त होतात आणि धावपट्टीभोवती फेरी घालून उतरण्याच्या सरावात एंजिन ज्या वेगावर ठेवणे सोयीचे पडते, तो नेमका या पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर येतो. उड्डाण शिकणारा विद्यार्थी तासामागून तास हाच सराव करीत असतो. दुसरी अडचण फेरेमापकाची. जुन्या यांत्रिक फेरेमापकातील चुंबक काळाने क्षीण होतो व काटा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो. तो १०० फेऱ्यांनी कमी दाखवीत असेल, तर २,१०० वर काटा ठेवून निर्धास्त असलेला वैमानिक वस्तुतः २,२०० वर, म्हणजे वर्ज्य पट्ट्याच्या आत, उडत असतो. म्हणून फेरेमापकाची वेळोवेळी पडताळणी ही प्रचालकाच्या देखभालीचाच भाग मानली पाहिजे. व्यवहारात तिच्याकडे होते तेवढे दुर्लक्ष क्वचितच दुसऱ्या कशाकडे होत असेल. खडीने पात्याच्या कडेला पडलेली बारीकशी खाच कानशीने गोलसर करून घ्यावी, ही कारागिरांची जुनी शिस्तही याच कारणाने आहे. वाढलेले प्रतिबल अशा खाचेपाशी एकवटते आणि तडा तेथून सुरू होतो. मात्र पात्याची टोके कापून दुरुस्ती करण्यास मर्यादा आहेत. पाते आखूड झाले की त्याची स्वाभाविक कंप्रता वाढते व वर्ज्य पट्टा वर, नेहमीच्या प्रवासवेगाकडे, सरकू शकतो.

पुढे लायकॉमिंगने ओ-३६० च्या काही प्रकारांत सहाव्या व आठव्या क्रमाचे लंबक-प्रतिभार घातले. एंजिनाच्या नावाच्या शेवटी येणारा ६ हा अंक त्याची खूण होय. त्यामुळे वैमानिकाचा भार हलका झाला, तरी नवी पथ्ये आली. थ्रॉटल एकदम उघडणे वा बंद करणे, फेरे जास्त असता दाब अगदी कमी ठेवणे, कमाल वेग ओलांडणे यांनी लंबकांची जुळणी सुटते व ते आपल्या खिळींवर आपटू लागतात, असा इशारा कंपनीने एका सेवापत्रकाद्वारे दिला आहे. निर्बंध तबकडीवरून हलून वैमानिकाच्या हाताच्या वेगावर आला, एवढाच फरक.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय विमान ज्या देशात आखले गेले, तेथील सुरक्षा-आदेश येथेही बंधनकारक मानते. त्यामुळे भारतात नोंदलेल्या विमानांसही हे लाल कंस लागू होतात. हौशी विमान-बांधणीत मात्र धोका अधिक आहे. जादा संपीडनाचे दट्टे किंवा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसविले, तर ज्वलनाचा धक्का तीव्र होतो व मूळ एंजिनावर मोजून ठरविलेला पट्टा त्या एंजिनास लागू राहत नाही. १९८० नंतर जर्मनीत लाकडी गाभ्यावर तंतुयुक्त प्लॅस्टिकचे कवच चढविलेली पाती प्रचारात आली. कंपने चांगली विरविणाऱ्या या पात्यांना बहुतेक जोड्यांत मधला निर्बंध लागत नाही. डिझेल एंजिनांनी मात्र जुना प्रश्न पुन्हा पुढे आणला, कारण त्यांचा ज्वलनाचा धक्का पेट्रोल एंजिनापेक्षा पुष्कळ तीव्र असतो. २००२ मध्ये प्रमाणित झालेल्या थीलर्ट कंपनीच्या १.७ लि. एंजिनात पीळ-कंपने अडविण्यासाठी घसरणारा क्लच घालावा लागला आणि क्लच व दंतचक्रपेटी दर ३०० तासांनी उतरवावी लागे. या खर्चाने अनेक मालक जेरीस आले. २००९ मधील ऑस्ट्रियन एई३०० या एंजिनात त्याऐवजी स्प्रिंगांनी जोडलेले दुहेरी प्रचक्र वापरले आहे.